धक्क्याआधीचा आवाज

एके काळी रस्त्यावरून गाडी गेली की कोणाची गेली ते घरात बसून सांगता यायचं. आता सगळ्या सारख्याच सुळकन निघून जातात. तेव्हा प्रत्येक गाडीचा खडखडाट वेगळा असायचा, आणि तो शोधून बंद करणारी एक बाई आमच्या ओळखीत होती. सगळे तिला आक्का म्हणत.

आक्काच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. तो मिस्त्री, इंजिनाचा माणूस. आक्का सीटा शिवायची, छताचं कापड बदलायची आणि गाडीच्या आतले आवाज शोधायची. तिची पद्धत ठरलेली. मिस्त्री गाडी चालवणार आणि ही शेजारी डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून बसणार. तोंड उघडं असलं की कानांना जास्त कळतं, असं तिचं म्हणणं.

"एरवीही ते उघडंच असतं," मिस्त्री म्हणायचा, "त्याला आवाजाचं निमित्त कशाला?"

आवाज आला की ती तळहात ठेवत जायची. डॅशबोर्डवर, दारावर, डोक्यावरच्या छतावर. ज्या जागी हात टेकला की आवाज थांबेल, तिथे खडूची फुली. मग गॅरेजात येऊन ती जागा उघडायची. बहुतेक वेळा कारण साधं निघायचं: तुटलेली क्लिप, आटे गेलेला स्क्रू, कुणाचं तरी आत पडलेलं नाणं. कारण काढायचं, फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, पट्टी चिकटवायची आणि जागा बंद करायची. पंचवीस वर्षांत एकही आवाज तिच्या हातून सुटला नव्हता, आणि ह्या गोष्टीची तिला चांगलीच घमेंड होती.

एका सोमवारी सकाळी तिचा थोरला भाऊ आपली जुनी पिकअप घेऊन दारात उभा राहिला. हा दादा काचेच्या दुकानाचा माल वाहायचा, खिडक्यांच्या मोठमोठ्या काचा. काचा वाहणारा म्हणून गाडी इतकी हळू चालवायचा की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. स्वभावाने मात्र ताठ. कुणी दोन शब्द शिकवलेले खपायचे नाहीत.

दहा दिवसांपूर्वी त्याच्या बायकोच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी चार महिने ती अंथरुणालाच खिळून होती.

"गुरुवारी सोडणार आहेत तिला," दादा म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, महिनाभर कानाशी खडखड नको. जरासुद्धा नको."

"मग भाड्याची चांगली गाडी कर."

"माझ्या बायकोला मी आणीन. माझ्या गाडीतून."

"अरे, पण ही गाडी म्हणजे भांड्यांचं दुकान जिन्यावरून घरंगळल्यासारखी वाजते!"

"म्हणून तर तुझ्याकडे आणली, धाकटे. गुरुवारपर्यंत हिचं तोंड बंद कर."

त्याने चावी मात्र दिली नाही. गाडीला माझ्या हाताची सवय आहे, मीच चालवणार, म्हणाला. मिस्त्रीने खांदे उडवले आणि तो आपल्या कामाला लागला.

दादाच्या शेजारी बसून आक्काने डोळे मिटले. दुकानांच्या रस्त्याने, पुलावरून, पलीकडच्या हॉस्पिटलपर्यंतचा हा रस्ता दीड-दोन मैलांचा. दोन आवाज तिने बसल्याबसल्या काढले. सीटखाली एक पाना लोळत होता आणि राखदाणीचा स्क्रू गायब होता. उरले चार. समोरच्या कप्प्याचं झाकण टकटक करायचं. तिच्या बाजूच्या दाराचं पॅनल करकरायचं. डोक्यावरची ऊन अडवायची झडप फडफडायची. आणि कुणी लावलेला नसला तरी सीटच्या पट्ट्याचा बकल कधीतरी दाराशेजारच्या खांबाला लागून टिंग वाजायचा.

चारही जागी तिने फुली मारली, पण तिला काहीतरी खटकत होतं. हॉस्पिटलच्या फाटकाशी येईपर्यंत तिला ते सापडलं नाही, आणि सापडलं तेव्हा तिने डोळे उघडले.

खडखडाट धक्क्यानंतर येतो. चाक खड्ड्यात जातं, मग गाडी हलते, मग वाजते. इथे मोठाच्या मोठा खड्डा गेला तरी कप्पा गप्प होता. आणि सपाट, गुळगुळीत रस्त्यावर तो टकटक वाजला, दादाने वेग कमी केला, आणि त्यानंतर गतिरोधक आला.

आवाज धक्क्याच्या आधी येत होता.

वय झालं आपलं, कान फसवायला लागले, असं म्हणून तिने तो विचार झटकला.

वहिनीच्या डोक्याला पांढरी पट्टी होती. डोळे मिटलेले. बोलायची मनाई होती. पण उजव्या हाताची बोटं पलंगाच्या लोखंडी कडेवर सारखी वाजत होती, कधी एक, कधी दोन, मधेच सगळी. आक्का टक लावून बघत राहिली.

"दिवसभर चालू असतं ह्यांचं," नर्स हसून म्हणाली. "म्हटलं, गाणं वगैरे शिकल्यात की काय!"

संध्याकाळी आक्काने कप्पा आणि दार उघडलं. आत सगळं जिथल्या तिथे. क्लिपा धड, स्क्रू घट्ट. तिने बॅटरी धरून कानाकोपरा बघितला. वाजण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

"मग वाजतंय काय?" मिस्त्रीने विचारलं.

"तुमचं डोकं!" ती वैतागून म्हणाली. कारण सापडलं नाही, हे कबूल करायची तिला सवय नव्हती. तिने जाड फेल्ट दुहेरी लावलं आणि दोन्ही जागा बंद केल्या.

मंगळवारी कप्पा नाही वाजला आणि दारही नाही वाजलं. आक्का खुशीत डोळे मिटून बसली होती, तेवढ्यात गाडी गतिरोधकावरून धाडकन गेली आणि तिचं डोकं छताला आपटलं.

"काय रे! झोपलास की काय?"

दादाने चाक इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पुढे हॉस्पिटलच्या वळणावर तो सरळच जायला निघाला आणि तिने ओरडल्यावर करकचून ब्रेक दाबला.

"काळजीने लक्ष नाही तुझं," ती म्हणाली. तो "हं" एवढंच म्हणाला.

त्या दिवशी वहिनीची दोनच बोटं वाजत होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं. बाकीची दोन चादरीवर वाळत घातल्यासारखी पडली होती. "हात जरा जड झालाय," नर्स म्हणाली, पण आज ती हसली नाही. "मोठे डॉक्टर बघतील."

गॅरेजात परतल्यावर दुपारी दादाचा डोळा लागला, तेव्हा आक्काने त्याच्या खिशातून गुपचूप चावी काढली आणि मिस्त्रीला म्हणाली, एक चक्कर मारू. उरलेल्या दोन आवाजांची नेमकी जागा तिला पुन्हा ऐकायची होती. मिस्त्रीने गाडी मुद्दाम खड्ड्याखड्ड्यांतून आपटत नेली. झडप वाजली नाही. बकल वाजला नाही. एवढी जुनी गाडी, पण आतून चकार शब्द नाही.

"नीट तर आहे," मिस्त्री म्हणाला. "तुझा दादाच खडखडतो बहुतेक."

एरवी आक्का हसली असती. मिस्त्रीच्या हातात गाडी गप्प होती आणि दादाच्या हातात बोलत होती. तरी गुरुवार डोक्यावर होता, आणि तिला एकच गोष्ट येत होती. संध्याकाळी तिने झडपेला फेल्ट लावलं, बकलाच्या खांबाला फोम गुंडाळला आणि चारही फुल्या ओल्या फडक्याने पुसून टाकल्या.

बुधवारी सकाळी पिकअप निघाली ती अशी की कापसावरून चालल्यासारखी. इंजिनाची घरघर, बस, आणखी काही नाही. "बघ!" आक्का म्हणाली. "वहिनीला झोप लागेल हिच्यात."

दादाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गाडी माणसाच्या चालीने चालली होती. आणि मग भर सकाळी, लख्ख उन्हात, दादाने ती रस्त्याच्या मधोमध उभी केली. मागून भोंगे वाजायला लागले. समोर दहा पावलांवर पुलाचा कठडा दिसत होता.

"धाकटे," दादा हळूच म्हणाला, "पूल आला का?"

आक्काला वाटलं, चेष्टा करतोय. तिने त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघत होता, पण त्याची नजर कशावरच टेकलेली नव्हती.

"तुला दिसत नाही?"

"कडेकडेचं दिसतं. मधोमध दोन वर्षांपासून काळा डाग आहे. वाढतोय."

ती खाली उतरली, हात हलवून मागच्या गाड्या पुढे काढल्या, पुलाजवळच्या दुकानातून मिस्त्रीला फोन केला आणि परत येऊन बसली. मग मात्र तिने तोंड सोडलं.

"दोन वर्षं? आंधळ्यासारखी गाडी चालवतोस? काचा भरून? रस्त्यावर पोरंबाळं असतात, दादा! एखाद्याचा जीव गेला असता म्हणजे?"

"ती असायची ना शेजारी." दादाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मला कुणी सांगितलेलं आवडत नाही, तिला माहीत होतं. म्हणून ती बोलायची नाही. नुसती बोटाने वाजवायची. गतिरोधक आला की कप्प्यावर दोनदा. वळायचं असलं की दारावर नख ओढायची. समोर माणूस आला की झडपेवर. थांबायचं असलं की बकल. मी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही."

"पण चार महिने ती अंथरुणात आहे!"

"हो," दादा म्हणाला. "ती आडवी झाली त्याच आठवड्यात गाडी वाजायला लागली."

आक्का समोरच्या झाकणाकडे बघत राहिली. उघडून बघितलेली एकेक जागा तिला आठवली. घट्ट स्क्रू, धड क्लिपा. तिने मनातल्या मनात दिवस जुळवले. सोमवारी संध्याकाळी दोन जागा बंद केल्या आणि मंगळवारी दोन बोटं थांबली होती. मंगळवारी संध्याकाळी तिने उरलेल्या दोन बंद केल्या होत्या.

"तू आवाज बंद करायला का आणलीस मग?" ती किंचाळलीच.

"तिला त्रास नको म्हणून. ती शेजारी असल्यावर आवाज कशाला लागतील, असं वाटलं. म्हटलं, दोन दिवस कसेतरी काढीन."

मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन स्कूटरवरून आला. काय झालं ते त्याला दोन वाक्यांत सांगितलं, तेव्हा त्याने नुसतं "शाबास!" म्हणून दादाला बाजूला सरकवलं आणि चाक हातात घेतलं.

हॉस्पिटलात वहिनीचा हात चादरीवर पालथा पडला होता. एकही बोट हलत नव्हतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काल रात्रीपासून प्रतिसाद कमी झालाय. उद्या सोडता येणार नाही. कधी सोडता येईल, तेही आत्ता सांगत नाही."

दादा भिंतीला टेकून खाली बसला.

आक्का बसली नाही. ती जिना उतरून तडक आवारात गेली, पिकअपच्या मागून मिस्त्रीची हत्यारांची पेटी ओढली आणि कप्प्याचं झाकण उचकटलं. दुहेरी लावलेलं फेल्ट निघता निघेना. स्वतःच्याच कामाला तिने शिव्या घातल्या. पॅनल ओढताना हाताला लागलं, रक्त आलं.

मिस्त्री धावत आला. "अगं, लोक बघतायत! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"झडपेचं तुम्ही काढा."

"पण का?"

"मला विचारू नका. सांगितलं तर मलाच खरं वाटणार नाही. काढा हो!"

त्याने बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि मुकाट्याने झडपेला हात घातला.

चारही जागा मोकळ्या झाल्या. आक्काने कप्प्याचं झाकण हलवून बघितलं. घट्ट होतं. मग तिने वर जाऊन दादाला उठवून आणलं आणि चाकामागे बसवलं. हॉस्पिटलच्या मागचं आवार मोकळं होतं. "एक फेरी मार. माणूस चालेल तेवढ्याच वेगाने. हे पुढे चालतील."

मिस्त्री हात पसरून गाडीपुढे चालू लागला. आक्का शेजारी बसली, पण डोळे मिटायची तिची हिंमत झाली नाही. अर्धी फेरी झाली. काही नाही. मिस्त्री पाण्याच्या टाकीला वळसा घालत होता, त्याच्या पुढे जमिनीतून आडवा गेलेला नळ आणि त्यावर सिमेंटचा उंचवटा.

टक टक.

दादाने ब्रेक दाबला. गाडी उंचवट्याच्या एक हात अलीकडे उभी राहिली. दादाच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण त्याने ते पुसलं नाही. वळणाशी दार करकरलं. मग, फेरी संपायच्या जागी, बकल टिंग वाजला, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून नर्सने हाक मारली, "पेशंटचे नातेवाईक कोण? वर या लवकर!"

वहिनीचे डोळे उघडे होते. हात पलंगाच्या कडेवर आला होता.

डॉक्टरांनी तिला आणखी सहा दिवस ठेवलं. ह्या सहा दिवसांत आक्काने भाड्याच्या चांगल्या गाडीचं ठरवून टाकलं होतं, मिस्त्रीनेही पहिल्यांदाच तिला पाठिंबा दिला होता. पण निघायच्या दिवशी वहिनी पायऱ्यांवर उभी राहिली आणि पिकअपकडे बघून म्हणाली, "वन्सं, मी हिच्यातूनच जाणार. हेच नेणार मला."

"अहो वहिनी, त्याला दिसत नाही!"

"मला दिसतं ना," वहिनी म्हणाली.

सकाळी लवकरची वेळ होती, रस्ता रिकामा. मिस्त्री स्कूटर घेऊन पुढे निघाला आणि दर दहा पावलांवर मागे वळून बघत राहिला. वहिनी दाराशी, तिच्या शेजारी मधे आक्का, आणि चाकाशी दादा. फेल्टचा एक तुकडाही गाडीत नव्हता. आक्का कान टवकारून बसली.

एकही आवाज आला नाही. दारातून नाही, छतातून नाही. वाजलं ते फक्त वहिनीचं बोट. गतिरोधकाआधी तिने कप्प्यावर दोनदा टिचकी मारली, दादाने वेग कमी केला. पुलाआधी पुन्हा मारली. दोघंही समोर बघत होती, जसं काही कुणी काही करतच नव्हतं.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा वहिनीने आक्काच्या पुढून हात घातला, चावी फिरवली आणि काढून स्वतःच्या मुठीत धरली.

"मला घरी आणायचं होतं, आणलंत," ती नवऱ्याला म्हणाली. "आता पुरे."

दादा ताठ माणूस. आक्काला वाटलं, आता उसळेल. तो नुसता चाकावर हात ठेवून बसला होता. तसाच बसून म्हणाला, "मग काचा कोण पोचवणार?"

"दुसरं कुणीतरी. आणि मला आता पायऱ्या कोण चढवणार, ते बघा."

तो खाली उतरला आणि गाडीला हात लावत लावत वळसा घालून आला. वहिनीने त्याचा हात धरला. आक्का आत बसून बघत होती. अंगणातून दोघं हळूहळू चालली होती. पायरीपाशी वहिनीचं बोट दादाच्या मनगटावर दोनदा वाजलं.

त्याच वेळी आक्काच्या समोर, बंद गाडीत, कप्प्याचं झाकण दोनदा वाजलं.

तिचा हात सवयीने पुढे गेला, तळहात पसरून. झाकणापासून वीतभर अंतरावर तिने तो थांबवला. पुढच्या पायरीला पुन्हा टक टक झालं. तिने हात मागे घेतला, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, आणि ती दोघं सगळ्या पायऱ्या चढून घरात जाईपर्यंत जागची हलली नाही.